ताई हलली

ब्लर या शब्दाचा मला जितका राग आहे तितका जगात फार थोड्या गोष्टींचा असेल. दोन हजार सालाच्या आगेमागे नाशिकच्या मेनरोडमागच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत मी कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायचो. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं आणि जुने फोटो नवे करून देणं, असा आमच्या शेठचा धंदा. गिऱ्हाईक माझ्या खुर्चीमागे उभं राहून सांगायचं, "मागे जरा ब्लर मारा ना भाऊ." मागे म्हणजे फोटोतल्या माणसाच्या मागे. तिथे दोरीवरचे कपडे असत, गॅसची टाकी असे, कधी बोलणं टाकलेली भावजय असे. ते सगळं धुकट करायचं आणि आपलं माणूस तेवढं स्वच्छ ठेवायचं. लोकांना वाटे, बटण दाबलं की झालं. आमच्या त्या डबड्याला ब्लर म्हटलं की धाप लागायची, हे मला एकट्याला ठाऊक होतं.

येणारे फोटो बहुतेक गेलेल्या माणसांचे. जिवंत असताना माणसाचा एकट्याचा फोटो काढायचं कुणाला सुचत नाही. गेल्यावर भिंतीवर लावायला मात्र हवा असतो. मग लग्नाच्या घोळक्यातून तिसऱ्या रांगेतली काकू उचलायची, तिच्या खांद्यावरचा दुसऱ्याचा हात कापायचा, मागे निळा ब्लर द्यायचा आणि ती जणू आयुष्यभर एकटीच आकाशात बसली होती असा फोटो करून द्यायचा. अशा किती काकू मी आकाशात बसवल्या, त्याला गणती नाही.

आणि गंमत बघा, त्याच फोटोंना लागणारे हार आमची आई करायची. आम्ही मखमलाबादकडचे माळी. गुलाब, शेवंती, झेंडू, थोडा निशिगंध. आई सकाळी फुलबाजारात बसायची. हार मागायला कुणी आलं की ती आधी विचारायची, "फोटो केवढा?" गिऱ्हाईक हातांनी माप दाखवी, ती वितीने दोरा मोजी. फोटो न्यायला आलेल्या कितीतरी लोकांना मी खाली तिच्याकडे धाडलेलं आहे. घरातल्या घरात चाललेला धंदा म्हणून शेठ आम्हाला चिडवायचे. आमच्या स्वतःच्या घराच्या भिंतीवर मात्र जिथे फोटो हवा होता तिथे काही नव्हतं.

तिथे ताईचा फोटो हवा होता. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचा उभ्या जन्मात एकच फोटो निघाला, आणि तोही हललेला.

विहिरीवर नवी मोटर बसवली त्या दिवशी मामांनी कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला होता. मोटर, विहीर आणि घरची माणसं एका फोटोत यावीत अशी त्यांची हौस. आम्हाला हौदापाशी रांगेत उभं केलं. नाना, म्हणजे माझे वडील, टोपी सारखी करून एकदम ताठ. आई पदर दातात धरल्यासारखी. मी चड्डीत. ताई कडेला. मामा ओरडले, "कुणी हलायचं नाही!" नेमकी तेव्हाच मोटर दोनदा खोकली आणि पाणी धबाधबा हौदात पडलं. आम्ही सगळे आज्ञाधारकासारखे कॅमेऱ्याकडेच बघत राहिलो. ताईने मात्र पाण्याकडे मान वळवली. माझ्या मते त्या रांगेत शहाणं माणूस ते एकटंच होतं.

फोटो धुऊन आला तेव्हा आम्ही सगळे शाळेत शिक्षा झाल्यासारखे स्वच्छ दिसत होतो, आणि ताईच्या मानेवर नुसता रंगाचा फराटा. एक कान, वेणीचं टोक, थोडेसे दात. नाना म्हणाले, "ताई हलली." तेव्हापासून ते घरात रुळलंच. तिच्या हातून वाटी पडली की ताई हलली. भाकरी वाकडी झाली की ताई हलली. सगळ्यात जास्त तीच हसायची. त्या फोटोचं कुणालाच वाईट वाटलं नाही, कारण तिचा चांगला फोटो तर निघणारच होता. स्थळांना दाखवायचा. त्यासाठी अंजिरी साडी घेऊन ठेवली होती, ब्लाऊज शिवायला टाकलं होतं.

त्या भाद्रपदात ती पिवळी पडली. आधी पेठ तालुक्यातल्या एका माणसाकडून झाडपाल्याचं औषध आणलं, मग सरकारी दवाखाना. दसऱ्याच्या आत ती गेली. मी आठवीत होतो. रानात झेंडू उभा होता आणि दसऱ्याचा झेंडू काही कुणासाठी थांबत नाही. आईने तो तोडला, पाट्या भरल्या आणि बाजारात जाऊन विकला. शेजारच्या बायका नावं ठेवत होत्या. ठेवू देत. त्या पाट्या उचलताना तिचं तोंड मी पाहिलं होतं, त्यांनी नव्हतं पाहिलं.

घरात त्यानंतर 'हलली' हा शब्द कुणी उच्चारला नाही. फोटो ट्रंकेत गेला. मी पुढे चित्रकलेचा कोर्स केला, मास्तरकी काही मिळाली नाही, आणि शेठच्या कॉम्प्युटरवर येऊन पडलो.

आई माझ्या त्या खोलीत कधी येत नसे. जिना अरुंद, आणि वर सगळी शिकलेली माणसं बसतात असा तिचा समज. एकदा दुपारी बाजार आटपून ती धापा टाकत वर आली. शेठनी उठून खुर्ची दिली. तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेला तो फोटो काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"हिला नीट कर."

मी तसा तापट. त्यात सकाळपासून ब्लर करून डोकं उठलेलं. म्हणालो, "आई, हललेलं नीट होत नसतं. चांगल्याचं धुकट करता येतं. धुकटाचं चांगलं करता येत नाही. त्यात तिचं तोंड नाहीच, तर आणू कुठून?"

तिने सगळं ऐकून घेतलं. मग शेठना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "मला तिचं तोंड आठवंना रे."

"म्हणजे?"

"आवाज आठवतो. वेणी घालायचे ना, ती मान आठवती. तोंड म्हणलं का नुसतं गुळगुळीत व्हतं. मी लय घाबरलेय. मी तिची आई हाय, आन् मलाच नाय दिसत."

मी तिला काहीतरी म्हणायला गेलो आणि आधी स्वतःच आठवून बघितलं. भुवया आठवल्या. पुढचा दात थोडा आडवा होता तो आठवला. पण ते एका तोंडावर बसेनात. मी फोटो घेतला आणि स्कॅनरवर ठेवला.

पहिले काही दिवस मी त्या फराट्याशी झटापट करत होतो. चित्र धारदार करायचं एक बटण असतं. ते दाबलं की फराट्याच्या कडा धारदार होत, मधे मात्र चेहऱ्याऐवजी वाळू. मग तो नाद सोडला. पेंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा चेहरा हाताने रंगवायचा असं ठरवलं. हाताने म्हणजे माउसने. साबणाची वडी हातात धरून चित्र काढण्यातला प्रकार. आई दुपारची येऊन शेजारी बसे आणि सांगे. "नाक माझ्यावाणी नव्हतं. आत्यावाणी होतं." आत्याच्या फोटोवरून नाक घेतलं. "गाल एवढे भरले नव्हते." गाल उतरवले. "आता आजारी दिसती. आजारी नको." पुन्हा भरले. मूळ फोटोतलं जे थोडं खरं होतं, कान, वेणी, दातांची ती रेघ, ते मी खालच्या थरात तसंच ठेवलं होतं आणि वरच्या थरावर रंगवत होतो.

रंगवलेलं तोंड दुकानाच्या पाटीवरच्या बाईसारखं दिसे. ते खालच्या फोटोत मिसळायचं तर ब्लर हवा. आणि इथे त्या सॉफ्टवेअरने माझा अंत पाहिला. ब्लर दिला की तो शेजारचे रंग ओढून घ्यायचा. विहिरीमागच्या भिंतीचा चुना तिच्या केसांत घुसे आणि डोक्याभोवती पांढरं कडं उमटे. पहिल्यांदा ते पाहिल्यावर आई खुर्चीतून अर्धी उठली.

"हे काढ आधी! ते देवाचं तेज कशाला घातलं तिला?"

"मी नाही घातलं. कॉम्प्युटरची चूक आहे."

"मग सांग त्याला. ती देवबीव नाय, आपल्या घरातली पोरगी हाय."

कॅलेंडरातल्या देवीसारखं मी मुद्दाम केलं असं तिला वाटलं होतं. एकदा देव झाली की पोरगी हातची गेली, या भीतीने तिचा आवाज बारीक झाला होता. मी शब्द दिला आणि एकेक ठिपका घासून ते कडं काढलं. मग प्रिंट काढली तर कपाळावर पट्टे. पडद्यावर सगळं लोण्यासारखं आणि कागदावर पायऱ्या पायऱ्या. कपाळ पुन्हा केलं. असा तो कारभार.

तिसरा त्रास मेमरीचा. फाईल फुगली की पडद्यावर चित्र एकदम येत नसे, चौकोन चौकोन करून वरून खाली उमटे. त्यातही गोंधळ. काही चौकोन नव्या ब्लरचे, काही मघाच्या ब्लरचे, काही थेट खालच्या मूळ फोटोचे. शेवटी सगळे चौकोन बदलून चित्र जागेवर येई, पण तोवर पडद्यावर नुसती खिचडी. मी तिकडे बघतसुद्धा नसे. खाली कोपऱ्यात किती काम झालं ते दाखवणारी एक निळी पट्टी सरकायची, मी तिच्यावर नजर ठेवून बसायचो.

उन्हाळा होता. कूलर नुसता घरघरत होता. मी ब्लर दिला आणि पट्टीकडे बघत बसलो. एकाएकी आईने माझा खांदा असा आवळला की कळ गेली.

"हीच! बाळा, हीच ती!"

मी वर बघेपर्यंत हनुवटीवरचा शेवटचा चौकोन बदलला, आणि समोर रोजचीच ती रंगवलेली मुलगी.

"हसत व्हती," आई म्हणाली. "आत्ता हसत व्हती. मागं आण."

"कुठे होती? कुठपर्यंत आलं होतं?"

"कपाळ झालं व्हतं. गालाचं व्हायचं व्हतं. अरे मागं आण ना!"

मी ते रद्द करून पुन्हा ब्लर दिला. चौकोन उमटले, पण वेगळ्याच क्रमाने. आई डोळ्याची पापणी न लववता बघत होती. नाही. पुन्हा दिला. नाही. पडद्याचा फोटो घेणारं बटण असतं, ते मधेच दाबून पाहिलं, तर मशीन तिथेच गारठलं. बंद करून चालू करावं लागलं. तोवर आईचा हात माझ्या खांद्यावरच होता.

मी तिला समजावलं. ते चित्र खरं कुठे नव्हतंच. तीन थरांचे तुकडे चुकून शेजारी आले, एवढंच. फाईलमध्ये जे नाही ते साठवणार कसं? तिने मान हलवली, पण तिने तिच्यापुरतं दुसरंच काही समजून घेतलं होतं.

"त्याला हळूहळू आठवत व्हतं," ती म्हणाली. "तू घाई नको करू त्याला."

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. काही सांगत नसे. नाक नाही, गाल नाही. खुर्ची ओढून बसायची आणि म्हणायची, "लाव." मी ब्लर लावी. आता मीही पट्टी सोडून पडद्याकडे बघू लागलो होतो. चौकोन उमटत, बदलत, संपत. एकदोनदा तिचा हात माझ्या खांद्याच्या दिशेने उठला आणि अर्ध्यातून मागे गेला. मग ती पिशवी घेऊन जिना उतरे, आणि मला गिऱ्हाइकांच्या काकूंकडे वळावं लागे. त्या काकूंचा मला त्या दिवसांत फार राग येई. सगळ्यांचे चेहरे कसे जागेवर होते.

जाणकार म्हणवणाऱ्यांना मी विचारून पाहिलं. कॉलेजरोडच्या क्लासमधला सर म्हणाला, "रेंडरिंगचा प्रॉब्लेम आहे. रॅम वाढव." मुंबईच्या एका ओळखीच्या आर्टिस्टला फोन केला. तो म्हणाला, "जुनं व्हर्जन आहे रे, नवीन टाक, चौकोन बंद होतील." तो दोष घालवायचा कसा हे प्रत्येकाला माहीत होतं. तो दोष पुन्हा तस्साच आणायचा कसा, हे विचारल्यावर सगळे माझ्याकडे वेड्यासारखं बघत. आणि खरं सांगायचं तर मी वेडाच झालो होतो. आईने तिला पाहिलं होतं. माझ्यापासून हातभर अंतरावर ताई येऊन हसून गेली होती आणि मला ती दिसली नव्हती.

मधे लगीनसराई लागली. मुंडावळ्या, वरमाला, गाडीची सजावट. आईला बाजारातून हलायला फुरसत नव्हती. मी एका पत्रिकेच्या कामासाठी इगतपुरीला गेलो आणि परत आलो तर शेठ दारातच हसत उभे. माणूस मनाचा फार चांगला. मी आईसाठी काहीतरी करतोय आणि मशीन त्रास देतंय, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी माझ्यामागे इंजिनियरला बोलावून रॅम, म्हणजे मशीनची मेमरी, वाढवली होती, सॉफ्टवेअरही नवं टाकलं होतं.

"आता ब्लर मारून बघ," म्हणाले. "डोळ्याचं पातं लवायच्या आत."

मी त्यांच्यावर ओरडलो. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" म्हणून ओरडलो. मी खुर्चीत बसलो, ताईची फाईल उघडली आणि ब्लर दिला. चित्र एकदम आलं. एकही चौकोन नाही. जुनं व्हर्जन परत टाकून पाहिलं, तरी नाही. मेमरीच एवढी झाली होती की त्याला अडखळायचं कारण उरलं नव्हतं.

मग मी मनाशी म्हटलं, ती नाही तर नाही, निदान भिंतीवर लावण्यासारखा एक चांगला फोटो तरी आईला करून देऊ. पुढचे काही दिवस हातातली सगळी कामं बाजूला ठेवून मी तेच केलं. तोंड रांगेतून बाहेर काढलं, मोठं केलं. आईने सांगितलेलं सगळं आठवून आठवून नव्याने रंगवलं. आडवा दात घातला. मागे निळा ब्लर दिला. कडं नाही, पट्टे नाहीत. अंजिरी साडी ट्रंकेत होती तशीच्या तशी तिच्या खांद्यावर रंगवली. जन्मात इतकं निर्दोष काम माझ्या हातून झालेलं नव्हतं. शेठ येऊन मागे उभे राहिले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

लग्नं संपल्यावर आई आली. जिना चढून दमली होती. हाताला देठांचा हिरवा वास येत होता. मी मुद्दाम काही बोललो नाही. चित्र पडद्यावर होतंच. तिने पदराने तोंड पुसलं, चष्मा लावला आणि बघितलं. बराच वेळ बघितलं.

"लय गोड पोरगी हाय," ती म्हणाली. "कुणाची रे?"

शेठनी माझ्याकडे बघितलं आणि ते उठून बाहेर गेले.

"गिऱ्हाइकाची," मी म्हणालो.

"गेली?"

"हं."

"किती नीट दिसती. तिच्या आईला बरं वाटंल." तिने चष्मा काढून काचा पदराला पुसल्या, पुन्हा लावला, खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली आणि नीट सावरून बसली.

"हां," म्हणाली, "आता आपलं लाव."